वर्षभर परदेशात शिकवून घरी आलात, आता पुढे?

पहिला आठवडा लाडाचा असतो. आई पुरणपोळी करते, काकू मुद्दाम भेटायला येते, बॅग उघडून कोणाला काय आणलं याची वाटणी होते. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला कोथिंबीर आणायला पाठवलं जातं. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी चहा पितापिता विचारतं, ‘‘मग, आता काय करायचं ठरवलंय?’’

एव्हाना त्या अख्ख्या वर्षाबद्दल तुम्हाला एकूण तीन प्रश्न विचारून झालेले असतात. महिन्याला किती मिळायचे? जेवणाचे हाल झाले असतील ना? आणि जरा आवाज खाली आणून, तिथे कोणी आवडलं वगैरे नाही ना? काय शिकवलं, कोणाला शिकवलं, त्यांना ते आलं का, हे मात्र कोणी विचारत नाही. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण हे प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांना दुसरं काय विचारायचं ते सुचत नाही, एवढंच.

मी बीरगांवची. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नाव ओळखीचं नसेल. रायपूर शहराच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला खेटून असलेलं हे गाव आता स्वतंत्र महानगरपालिका आहे. आजूबाजूला स्पंज आयर्नचे आणि रोलिंग मिलचे कारखाने. गच्ची सकाळी झाडली तरी संध्याकाळी तळपायांना काळं लागतं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत, नंतर नोकरीधंद्यासाठी आलेलीही बरीच. आमचं घर या दुसऱ्या प्रकारातलं. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी साहित्यात बी.ए., अशी माझी भाषांची खिचडी. ती घेऊन मी थायलंडच्या ईशान्य भागातल्या एका सरकारी शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवलं आणि एप्रिलमध्ये परत आले.

शिक्षकांचीही उतरंड असते

परदेशात शिकवायला जाण्याचे रस्ते बरेच आहेत. फुलब्राइटच्या एका शिष्यवृत्तीवर भारतातले तरुण इंग्रजी शिक्षक अमेरिकेतल्या विद्यापीठात एक शैक्षणिक वर्ष हिंदी, उर्दूसारखी आपली भाषा शिकवतात. त्यांचं परत येणं आधीच ठरलेलं असतं, कारण त्या व्हिसाची अटच तशी आहे. काही जण आखाती देशांत, मालदीवमध्ये, भूतानमध्ये जातात. आणि माझ्यासारखे काही थायलंड, व्हिएतनामकडे वळतात, कारण तिथे इंग्रजी शिकवणाऱ्यांची मागणी मोठी आहे आणि पदवीवर सुरुवात करता येते.

तिथे गेल्यावर एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते. नोकरीच्या जाहिराती दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा असतो, म्हणजे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड अशा देशांचा पासपोर्ट. दुसऱ्या प्रकारात आपण, फिलिपिन्सवाले, कॅमेरूनवाले. आपल्याला इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात आणि पगार सहसा कमी असतो. वर्गात जाऊन शिकवायचं तेच, तितकेच तास, तितकीच मुलं.

याचा राग येणं साहजिक आहे. मलाही आला. पण बी.ए.ला वाचलेली दोन नावं तेव्हा उपयोगी पडली. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली होती आणि भारतासारख्या देशातलं इंग्रजी ही कोणाची बिघडलेली नक्कल नाही, ती तिथलीच एक भाषा आहे, असं ठामपणे सांगितलं होतं. दुसरे हंगेरीचे पीटर मेजेश. त्यांचं १९९४ चं पुस्तक आपल्यासारख्या शिक्षकांबद्दलच आहे. त्यांचा मुद्दा साधा आहे. ज्याने स्वतः ती भाषा धडपडत शिकली, त्याला शिकणारा कुठे अडखळणार हे आधीच कळतं. इंग्रजी जन्मापासून बोलणाऱ्याला ते कष्टाने शोधावं लागतं.

माझ्या शाळेत फिलिपिन्सच्या एक ताई होत्या. त्यांनी या पुस्तकाचं नावही ऐकलं नव्हतं, पण त्यांच्या वर्गाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी मेजेश काय म्हणतात ते समजायचं.

परक्या वर्गातली ओळखीची अक्षरं

थायलंडच्या या भागाला ‘ईसान’ म्हणतात. होय, आपलं ‘ईशान्य’च. जवळच्या मोठ्या शहरांपैकी एकाचं नाव उबोन रात्चथानी, ज्याच्या शेवटी ‘राजधानी’ लपलेली आहे. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘गुरू’वरून गेलेला. विद्यापीठातले शिक्षक ‘आचान’, म्हणजे आचार्य. फळ्यावर तारीख लिहिताना बौद्ध सन लिहितात, इसवी सनात ५४३ मिळवायचे. त्यामुळे माझ्या सगळ्या वह्यांवर २५६७, २५६८ अशी सालं आहेत आणि आजी त्या पाहून म्हणते की तू जरा जास्तच पुढे जाऊन आलीस.

लहान मुलं मुळाक्षरं कशी म्हणतात ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दारातच थांबले. आपण ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ म्हणतो तसंच. थाय लिपी आपल्या ब्राह्मीच्याच कुटुंबातली, त्यामुळे सुरुवातही क, ख अशीच होते. ‘को काय’, म्हणजे क कोंबडीचा. ‘खो खाय’, म्हणजे ख अंड्याचा. हे मी घरी फोनवर सांगितलं आणि आजीबरोबर दहा मिनिटं गोंधळ चालला.

‘‘कोंबडीला काय म्हणतात?’’

‘‘काय.’’

‘‘अगं, तेच विचारतेय.’’

‘‘तेच सांगतेय. काय.’’

‘‘बरं, मग अंड्याला काय म्हणतात?’’

‘‘नाही आजी, अंड्याला खाय. काय कोंबडीला.’’

आजीने फोन आईकडे दिला.

जूनमधल्या एका गुरुवारी ‘वाय ख्रू’चा कार्यक्रम असतो, म्हणजे गुरूला वंदन. वार गुरुवारच, आणि थाय भाषेत त्या वाराचं नावही बृहस्पतीवरूनच आलेलं आहे. मुलं ताटात फुलांची सजावट करून आणतात आणि रांगेने गुडघ्यांवर येऊन शिक्षकांसमोर ठेवतात. त्या सजावटीत परंपरेने काही ठरलेल्या वस्तू असतात. एक्झोराची फुलं, कारण त्यांच्या कळ्या सुईसारख्या टोकदार, तशी बुद्धी व्हावी. वांग्याचं फूल, कारण ते मान खाली घालून असतं. साळीच्या लाह्या, त्या फुटतात तशी विद्या फुलावी. आणि एक गवत, जे मुळं धरून सगळीकडे पसरतं. ते गवत मी हातात घेऊन पाहिलं. दूर्वा होत्या. आपल्या गणपतीच्या दूर्वा.

तुम्ही ज्या देशात गेला असाल तिथे दूर्वा नसतीलही, पण असं काहीतरी नक्की सापडलं असेल. घरी सांगायला सुरुवात करायची तर इथून करा. पगारापासून नको.

पण मला खरं शिकवलं ते सणांनी नाही, मुलांच्या चुकांनी. सातवीच्या वर्गात चाळीसच्या वर मुलं. मी आत गेले की सगळी उभी राहून एका सुरात ‘गुड मॉर्निंग, टीचर’, मग ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ त्यापुढे शांतता. ‘हाउस’चा शेवटचा ‘स’ उच्चारात गळायचा. कालची गोष्टही ‘येस्टरडे आय गो’. आधी वाटलं लक्ष नाही. मग थोडी थाय शिकले आणि कळलं की त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स’ येतच नाही, आणि काळ बदलला तरी क्रियापद बदलत नाही. ‘काल’ म्हटलं की काम झालं, क्रियापदाला पुन्हा शेपूट कशाला? त्यांच्या दृष्टीने इंग्रजीच विचित्र होती.

आणि मग आणखी एक गोष्ट कळली, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. या मुलांची शाळेतली थाय हीसुद्धा घरची भाषा नव्हती. ईसानमध्ये घरोघरी लाओला जवळची बोली बोलतात. थायमध्ये ‘नाही’ला ‘माय’, घरी ‘बो’. शाळेला थायमध्ये ‘रोंगरियन’, घरी ‘होंगहियन’, कारण ‘र’चा तिथे ‘ह’ होतो. चविष्टला शाळेत ‘अरोय’, घरी ‘सेप’. वर्गात घरचा शब्द तोंडातून निघाला की मूल एकदम थांबायचं, इकडेतिकडे बघायचं आणि मग सुधारून बोलायचं. ते थांबणं मला ओळखीचं वाटत होतं. कुठलं, ते मात्र घरी येईपर्यंत आठवलं नाही.

घरच्यांनो, जरा इकडे लक्ष द्या

परतल्यावर मुलगी चिडचिड करते, गप्प बसते, तासन्‌तास फोनमधले जुने फोटो पाहते. आई म्हणते, ‘‘तिकडची हवा लागली.’’ बाबा म्हणतात, ‘‘झोप पूर्ण होऊ दे, ठीक होईल.’’ हवा आणि झोप, दोन्हीचा फारसा संबंध नसतो.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइटवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून जास्त नॉर्वेजियन लोकांशी बोलून १९५५ मध्ये एक निबंध लिहिला. परक्या देशात माणूस आधी खूश असतो, मग त्याचा मूड घसरतो, मग हळूहळू तो रुळतो, असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख त्यातून पुढे आला. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या पतीपत्नींनी त्याला दुसरा अर्धा भाग जोडला. घरी परतल्यावर तोच उतार आणि तोच चढ पुन्हा येतो, म्हणजे ‘यू’चा ‘डब्ल्यू’ होतो. नंतरच्या संशोधकांनी या आलेखांवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत आणि सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण लिसगार्ड यांची एक नोंद मला महत्त्वाची वाटते. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक बरे रुळले होते. मधल्या मुदतीचे लोक सर्वांत कमी रुळलेले होते.

एक वर्ष नेमकं या मधल्या मुदतीत येतं. म्हणजे जी मुलगी वर्षाने परतते ती बऱ्याचदा तिथे धड रुळण्याआधीच निघालेली असते आणि आल्याबरोबर इथला उतार सुरू होतो. तिला लगेच ‘पुढचं काय’ विचारू नका. दोन महिने जाऊ द्या.

त्याऐवजी विचारा, वर्गात सर्वांत खोडकर कोण होतं? कोणाचं अक्षर सुंदर होतं? शेवटच्या दिवशी काय झालं? एका मुलाबद्दल विचारलंत की ती तासभर बोलेल. तिला तिकडचा एखादा पदार्थ घरी करू द्या. मी कच्च्या पपईचं ‘सोम ताम’ केलं. पपईचा कीस, हिरवी मिरची, लिंबू, गूळ, भाजलेले शेंगदाणे, सगळं खलबत्त्यात हलकं कुटायचं. तिथे त्यात मासळीचं पाणी पडतं, ते मी गाळलं. आईने चव घेतली आणि म्हणाली, ‘‘ही कोशिंबीर आहे. दाण्याचं कूट कर आणि वरून फोडणी दे.’’ तिने दुसऱ्या दिवशी तशी करून दाखवली. तीही छान झाली होती. माझा पदार्थ घरात आला तो असा.

आणि तुम्ही, परत आलेल्यांनी, ‘आमच्याकडे तिथे असं नव्हतं’ हे वाक्य दिवसातून एकदाच वापरायचं ठरवा. तिथे मुलं रोज सकाळी स्वतः शाळा झाडतात, वर्गाबाहेर बूट ओळीत काढून ठेवतात, आठ वाजता झेंड्यासमोर उभी राहतात. हे सांगण्यासारखं आहेच. पण बीरगांवात उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेलेली असताना सांगण्यासारखं नाही.

आपल्याकडचे आधीचे प्रवासी

परदेशात शिकवून परत येणं आजच्या पिढीने शोधून काढलेलं नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या, तिथे शिकतही होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली तेव्हा भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. कारण असं की भारतात परतल्यावर लोक काय म्हणतील! रमाबाईंनी त्यावर खरमरीत उत्तर दिलं. म्हणजे ‘घरी गेल्यावर लोक काय म्हणतील’ हा प्रश्न १४० वर्षांपूर्वीही होता, आणि तोही साहेबाच्या तोंडून.

तिथून त्या १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, तिथली बालवाडीची पद्धत शिकल्या आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईत परतल्या. पुढच्याच महिन्यात, ११ मार्चला, त्यांनी शारदा सदन सुरू केलं. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या फक्त दोन. त्यांतली एक गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेतली लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीत पुस्तक लिहिलं. इंग्रजीत त्या आधीच लिहीत होत्या. तरी घरच्यांना सांगायचं ते घरच्या भाषेत सांगितलं, ही गोष्ट माझ्यासारख्या इंग्रजीवाल्या मुलीने लक्षात ठेवावी अशी आहे.

धर्मानंद कोसंबी गोव्यातले. १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. श्रेय कोणाचं यावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम सोडून परतले. आल्यावर पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायला लागले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेतून छापून यायला १९५० साल उजाडलं, तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मधल्या काळात १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही पाली शिकवायला गेले आणि परतल्यावर मिठाच्या सत्याग्रहात उतरले.

आपण रमाबाई नाही आणि कोसंबीही नाही, हे मला कळतं. पण त्यांना परतल्यावर कोणी तयार खुर्ची दिली नव्हती, हेही तितकंच खरं आहे.

अनुभवाचं पत्र आणि त्याची किंमत

आता जरा रुक्ष गोष्टी, पण कामाच्या. तिथून निघण्यापूर्वी शाळेकडून अनुभवाचं पत्र इंग्रजीत, शिक्क्यासह घ्या. त्यात कोणते वर्ग, आठवड्याचे किती तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं हवं. परदेशी असताना एनआरई किंवा एनआरओ खातं उघडलं असेल तर कायमचं परतल्यावर बँकेला कळवून ते रहिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं.

आणि एका धक्क्याची तयारी ठेवा. रायपूरमधल्या एका खासगी शाळेत मी मुलाखतीला गेले. पत्र दाखवलं. समोरच्या बाईंनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘‘बी.एड. आहे?’’ नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग अनुभव शून्य धरावा लागेल. बोलणं अगदी शांतपणे झालं. नियमाच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं चूक नव्हतं. २०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची पदवी किंवा पदविका आणि टीईटी ही किमान अट आहे, आणि अशी अट असलीच पाहिजे असं मलाही वाटतं. नाहीतर कोणीही उठून शिकवायला लागेल. थायलंडमध्येही मी शिक्षक परिषदेच्या तात्पुरत्या परवानगीवरच शिकवत होते. तरीही ‘शून्य’ हा शब्द रिक्षात बसल्यावर फार वेळ कानात राहिला.

म्हणून सध्या मी घरून कंटेंट रायटिंग करते. बी.एड. आता दोन वर्षांचं असतं. छत्तीसगडात त्यासाठी व्यापमची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची पुस्तकं टेबलावर आहेत. दोन वर्षं आणि फी, हा हिशेब बाबांबरोबर अजून चालू आहे. तुमच्या घरीही असे हिशेब होतील. तेव्हा एक वर्ष ‘वाया’ गेलं का, हा प्रश्न कोणीतरी काढणारच. त्याचं उत्तर मला मुलाखतीत सापडलं नाही. ते आमच्या गल्लीतच होतं.

‘दीदी आया’

आमच्या गल्लीत तीन-चार भाडेकरू कुटुंबं आहेत. कोणी कारखान्यात, कोणी बांधकामावर. मुलं जवळच्या सरकारी शाळेत जातात. मी परतले तेव्हा त्यांतली एक नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून ओरडली, ‘‘दीदी आया!’’ तिच्या मागून तिचा भाऊ हसला आणि त्याने तिला सुधारलं, ‘‘आया नहीं, आई.’’ ती थांबली. इकडेतिकडे बघितलं. आणि मग नीट म्हणाली, ‘‘दीदी आई.’’

ईसानच्या वर्गातलं ते थांबणं मी कुठे पाहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. आमच्याच गल्लीत. लहानपणी माझ्या वर्गातही.

तुमच्या लक्षात आलं असेलच की मराठी माणसालाही हिंदीत लिंगाचे गोंधळ होतात. पण छत्तीसगढीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. ‘लइका जाथे’ आणि ‘नोनी जाथे’, मुलगा जातो आणि मुलगी जाते, दोन्हीकडे ‘जाथे’. तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठीला हे केवढं सोपं वाटावं! मग असं मूल हिंदी शाळेत जातं आणि ‘दीदी आया’ म्हणतं तेव्हा ते चुकत नसतं, ते आपल्या भाषेचा नियम पाळत असतं. शिक्षक लाल रेघ मारतात. घरी टोमॅटोला ‘पताल’ म्हणतात, कांद्याला ‘गोंदली’, कोंबडीला ‘कुकरी’. पुस्तकात टमाटर, प्याज, मुर्गी. आणि त्यावर इंग्रजी तिसरी. २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला, २८ नोव्हेंबरला तिचा दिवसही साजरा होतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे. त्याच वर्षी राज्यात स्वामी आत्मानंद यांच्या नावाच्या सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळाही सुरू झाल्या आणि तिथे प्रवेशासाठी पालकांची धडपड असते. पालकांना दोष देता येणार नाही. गल्लीतल्या त्या मुलीच्या आईला ‘पताल’ येतंच. तिला मुलीसाठी ‘टोमॅटो’ हवं आहे.

मी या गल्लीत लहानाची मोठी झाले. ही मुलं, ही भाषा रोज कानावर पडत होती. मला वाटायचं, यांना हिंदी नीट येत नाही. हजारो मैल लांब जाऊन, ज्यांची भाषा मला अजिबात येत नव्हती अशा मुलांसमोर वर्षभर उभी राहिले तेव्हा कुठे हे कान तयार झाले. इथेच बसून बी.एड. केलं असतं तर कदाचित तेच शिकले असते. कदाचित नसते.

आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर तीन मुलं येतात. मी त्यांना एक वही करायला लावली आहे. पानावर चित्र काढायचं आणि खाली चार शब्द. कोंबडीच्या चित्राखाली कुकरी, मुर्गी, कोंबडी, हेन. पाचवा थाय शब्द त्यांनी हट्टाने घालून घेतला आणि आता आजीला येताजाता ‘काय? काय?’ करून चिडवतात. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हटलं की मी लगेच टोकत नाही. थाय मुलं त्याच ठिकाणी ‘सकूल’ म्हणायची, स आणि क यांच्यामध्ये स्वर घालायची, तुम्ही आधी घालता, एवढंच सांगते. मग ती दोन्ही म्हणून बघतात, आणि तिसऱ्या वेळी कधीकधी ‘स्कूल’ बरोबर येतं.

तुम्ही जिथून परतलात तिथलं असं एखादं ऐकणं तुमच्याकडेही असेल. ते दाखवायला शाळाच हवी असं नाही. एखादा ओटा, सोसायटीचा हॉल, महाराष्ट्र मंडळाचा एखादा रिकामा तास चालतो. सुरुवातीला किती मुलं येतात ते मोजू नका.

परवा चौथ्या मुलाची आई विचारून गेली, फी किती घेणार? बाबा म्हणतात, महिन्याला दोनशे घे. आई म्हणते, यांच्याकडून काही घेऊ नकोस. आजीचं म्हणणं, फुकट शिकवलेलं कोणी मन लावून शिकत नाही, पन्नास तरी घे. सोमवारी तिला सांगायचं आहे.